जिस्टचे निदान झाल्यावर: ब्लॉक, रिपोर्ट आणि गोळी

पोटातील गाठ ‘जिस्ट’ (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीत होणारी एक प्रकारची गाठ) असल्याचे कळताच ठाणे-वाशीकडची बहुतेक कुटुंबे जठराच्या नेहमीच्या कर्करोगाची माहिती शोधू लागतात आणि अकारण धास्तावतात. हा आजार वेगळा आहे. तो पचनमार्गाची लय राखणाऱ्या काहाल पेशींशी संबंधित असून बहुधा जठरात, त्याखालोखाल लहान आतड्यात आढळतो, आणि नेहमीची केमोथेरपी त्यावर फारशी चालत नाही.

गाठ सहज काढता येण्याजोगी असेल, तर डॉक्टर बायोप्सी न करता थेट शस्त्रक्रिया सुचवू शकतात. त्यात काही गैर नाही. रिपोर्ट मात्र नीट वाचून घ्यावा. गाठीच्या पेशींतील सीडी ११७ आणि डॉग-१ ही प्रथिने शोधणाऱ्या तपासण्यांनी निदान पक्के होते. पुढचा धोका गाठीचा आकार, ५ चौरस मिलिमीटरमधील विभाजित होणाऱ्या पेशींची संख्या, गाठीची जागा आणि ती फुटली होती का, या चार गोष्टींवर ठरतो. तेवढ्याच आकाराची गाठ जठरापेक्षा लहान आतड्यात अधिक धोक्याची असते. यांपैकी एखादी नोंद नसेल, तर ती आग्रहाने मागावी.

या आजारावरची इमॅटिनिब ही गोळी सुरू करण्यापूर्वी गाठीची जनुकीय तपासणी व्हावी, असे माझे ठाम मत आहे. किट जनुकाच्या ‘एक्झॉन ११’ या भागात बदल असेल तर रोजच्या ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिबचा उत्तम उपयोग होतो. पसरलेल्या आजारात एक्झॉन ९ चा बदल असल्यास ८०० मिलिग्रॅमचा विचार होतो. आणि पीडीजीएफआरए जनुकातील डी८४२व्ही बदलावर तर ही गोळी जवळजवळ निरुपयोगीच ठरते. म्हणून खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटांच्याच कर्करोग केंद्रात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायला जाताना कागदांबरोबर पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, ज्यावर ही तपासणी होते) आणि स्लाइडही पहिल्या रुग्णालयाकडून मागून न्याव्यात.

गोळी जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. सकाळी डोळ्यांभोवती सूज येणे, मळमळ, जुलाब, पायात गोळे येणे हे त्रास डॉक्टरांना सांगावेत, पण परस्पर गोळी थांबवू नये: शस्त्रक्रियेनंतर धोका जास्त असलेल्या रुग्णाला ती साधारण ३ वर्षे दिली जाते, आणि आजार पसरलेला असेल तर ती बंद करताच तो बहुधा पुन्हा वाढतो.

सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ तेवढीच, क्वचित थोडी मोठीही दिसते, तरी तिची घनता कमी झाली असेल तर औषध लागू पडत असते. ही तुलना करता यावी, यासाठी प्रत्येक वेळी आधीच्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी.