कृत्रिम पायाचा क्लेम लावताना

पाय कापल्यानंतर जखम भरायला, सूज उतरायला आणि खुंट (पायाचा उरलेला भाग) आकाराला यायला साधारण सहा ते बारा आठवडे जातात. बऱ्याच आरोग्य पॉलिसी डिस्चार्जनंतरचा खर्च देतात तो 60 दिवसांपर्यंतचाच. म्हणजे पाय बसवायची वेळ येते तोवर मुदत संपत आलेली असते किंवा संपलेली असते. तरुण पोरं आणि त्यांचे आईवडील पुढे सहा महिने विमा कंपनीशी भांडतात, पण खरी चूक झालेली असते ती डिस्चार्जच्या दिवशी.

त्या दिवशी डिस्चार्ज समरी हातात घेतल्यावर लगेच सही करू नका. तीन गोष्टी लिहिल्या आहेत का बघा: पाय कुठल्या पातळीवर कापला (गुडघ्याखाली की वर), का कापला (अपघात, संसर्ग, गाठ), आणि पुढचा सल्ला. ‘फॉलो-अप इन ओपीडी’ एवढंच लिहिलं असेल तर सर्जनना सांगून ‘कृत्रिम पाय बसवणे आवश्यक, पुनर्वसन तज्ज्ञाकडे पाठवले’ असं त्याच कागदावर घालून घ्या. नंतर वेगळ्या चिठ्ठीवर आणलेला सल्ला ‘आजारपणाशी संबंध नाही’ म्हणून बाजूला टाकायला टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेला) फार सोपं जातं. काही पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या खर्चाची मुदत 90 किंवा 180 दिवसांची असते. आपली किती आहे ते आधी बघा आणि कॅलेंडरवर तारीख मांडा.

मग पॉलिसी वाचायची. कंपनीचं रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवा, पॉलिसी वर्डिंग म्हणजे सगळ्या अटींचा पूर्ण मजकूर मागवा. त्यात ‘प्रोस्थेसिस’ (कृत्रिम अवयव) किंवा ‘एक्स्टर्नल’ हे शब्द शोधा. शरीरात बसवलेलं इम्प्लांट चालेल, बाहेरून लावायचं उपकरण चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर त्या पॉलिसीवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, खालचे रस्ते धरा. पण पुष्कळदा तसं स्पष्ट लिहिलेलंच नसतं. क्लेम बघणारा माणूस न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीतल्या ‘वॉकिंग एड’वर बोट ठेवतो आणि पायाला कुबड्या-वॉकरच्या ओळीत बसवतो. इथे लेखी हरकत घ्यायची. कुबडी आधार देते, कृत्रिम पाय गेलेल्या अवयवाचं काम करतो, आणि पॉलिसीत त्याचं नाव घेऊन तो वगळलेला नाही. पॉलिसीतला शब्द संदिग्ध असला तर त्याचा अर्थ पॉलिसीधारकाच्या बाजूने लावायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केलेलं आहे.

कोटेशन कसं असावं

‘आर्टिफिशियल लिंब, 1 नग’ आणि पुढे एक रक्कम. असं कोटेशन म्हणजे क्लेम नाकारायचं आमंत्रणच. भागवार मागा: सॉकेट म्हणजे खुंट ज्यात बसतो तो साचा, लायनर म्हणजे खुंटावर चढवायचं मऊ आवरण, सस्पेन्शन म्हणजे पाय खुंटाला धरून ठेवणारी सोय (पिन-लॉक किंवा व्हॅक्यूम), पायलॉन म्हणजे मधली नळी, फूट म्हणजे पाऊल, आणि गुडघ्यावरचा पाय असेल तर गुडघ्याचा सांधा. प्रत्येकाची किंमत आणि वॉरंटी वेगळी हवी. खाली प्रोस्थेटिस्टचा (कृत्रिम अवयव बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाचा) भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. त्यासोबत पुनर्वसन तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि त्यात महाग भागामागचं कारण लिहिलेलं असावं. ‘रुग्णाची पसंती’ हे कारण होत नाही. ‘वय 22, नोकरीत दिवसभर उभं राहणं, रोज जिने चढणं, साध्या फुटावर दुसऱ्या गुडघ्यावर ताण येतो’ हे कारण होतं.

सॉकेटबद्दल थोडं जास्त, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. पहिल्या वर्षात खुंट बारीक होत जातो. सुरुवातीला खुंटावर एक मोजा घालून घट्ट बसणारा सॉकेट काही महिन्यांनी तीन-चार मोजे घालूनही खाली सरकतो. मग हाडाच्या टोकाशी कातडी लाल होते, फोड येतात आणि पोरगं पाय काढून कोपऱ्यात ठेवून देतं. अशा वेळी बाकीचा पाय तोच राहतो, सॉकेट मात्र नवा लागतो. लायनर रोजच्या वापरात सहा महिने ते वर्षभर टिकतो. हे सगळं पहिल्याच प्रिस्क्रिप्शनमध्ये ‘अपेक्षित बदल’ म्हणून लिहून घेतलं नाही तर दुसऱ्या सॉकेटचं बिल गेल्यावर उत्तर येतं: पाय तर दिलाय की एकदा. रोज किती मोजे घातले ते वहीत टिपून ठेवा. सॉकेट सैल झाला याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

अपघात असेल तर

आरोग्य पॉलिसीच्या आधी बँकेचं पासबुक उघडा. मे महिन्याच्या आसपास 20 रुपये कापल्याची नोंद असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना चालू आहे. अपघातात एक हात किंवा पाय गेला तर 1 लाख आणि दोन्ही गेले तर 2 लाख मिळतात. अर्ज बँकेतच द्यायचा, शक्यतो 30 दिवसांच्या आत. एफआयआर किंवा पंचनामा आणि सिव्हिल सर्जनचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल तर एका अवयवासाठी साधारणपणे विमा रकमेच्या निम्मी रक्कम मिळते. हे पैसे एकरकमी येतात, पायाचं बिल दाखवावं लागत नाही. मधुमेहाने किंवा कर्करोगाने पाय गेला असेल तर मात्र या दोन्हींचा उपयोग नाही.

रस्त्यावरचा अपघात असेल तर समोरच्या गाडीच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायची, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. कायद्यात आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे जखम भरायची वाट बघत बसू नका. या दाव्यात एका पायाची किंमत मागणं ही मोठी चूक. हिशोब असा मांडा: मुलगा 22 वर्षांचा, पाय समजा अडीच लाखांचा आणि पाच वर्षं टिकणारा. वयाच्या 62 पर्यंत आठ पाय, म्हणजे आजच्या भावाने 20 लाख. लायनर, मधले सॉकेट आणि दुरुस्ती त्यात धरलेलीच नाही, ती वेगळी मांडायची. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मोहम्मद साबीर यांच्या प्रकरणात कृत्रिम पाय बदलण्याचा आणि देखभालीचा खर्च भरपाईत धरला. वकिलांना हा निकाल आठवण करून द्या, आणि प्रोस्थेटिस्टला साक्षीला बोलवायला सांगा. नुसतं कोटेशन जोडलं तर समोरचा वकील ते कोणी सिद्ध केलं म्हणून विचारतो.

पगार 21 हजारांपर्यंत (अपंग कामगारासाठी 25 हजारांपर्यंत) असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पाय ईएसआय महामंडळाकडून मिळतो. आधी तिथे जा.

नाकारल्यावर

नकार फोनवर घेऊ नका. कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लेखी सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्या कलमाला उत्तर देणारं एक पानी पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते, आणि अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत असते. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथे दोन वर्षांची मुदत आहे, पण तीच तक्रार आयोगात चालू असेल किंवा तिचा तिथे निकाल लागला असेल तर लोकपालांकडे जाता येत नाही. सुनावणीला जाताना जुना सॉकेट पिशवीत घालून न्या. कागदावरचा ‘फिटिंग लूज’ हा शेरा आणि टेबलावर ठेवलेला, मोज्यांचा गठ्ठा कोंबलेला सॉकेट यांत फरक पडतो.

नोकरी करत असाल तर सगळ्यांत फळ देणारी जागा म्हणजे ऑफिसची ग्रुप पॉलिसी. तिच्या अटी कंपनी आणि विमा कंपनी मिळून ठरवतात, त्या बदलता येतात. नूतनीकरणाच्या तीन महिने आधी एचआरला लेखी द्या. ‘अपंगांसाठी काहीतरी करा’ असं न म्हणता थेट मजकूरच द्या: “अवयव कापावा लागल्यास कृत्रिम अवयव, सॉकेट बदल, लायनर व दुरुस्तीचा खर्च दर पॉलिसी वर्षी ___ रुपयांपर्यंत देय राहील, यास रुग्णालयात दाखल असण्याची अट व डिस्चार्जनंतरची दिवसमर्यादा लागू नाही.” शेवटचा अर्धा भाग गाळू देऊ नका. तो गेला की पुन्हा 60 दिवसांवर येऊन अडतं.

त्यापुढे जाऊन आमदार-खासदारांना किंवा अपंग आयुक्तांना निवेदन द्यायचं असेल तर दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 चं कलम 24 उघडा. ईएसआय किंवा दुसऱ्या सरकारी विम्याखाली न येणाऱ्या अपंगांसाठी सर्वंकष विमा योजना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत साधनं, दोन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या आहेत. निवेदनाला भागवार कोटेशन, नकाराचं पत्र आणि मोज्यांच्या वहीचं एक पान जोडा.