कुजून गेलेलं चर्च मातीत कसं वाचायचं

युरोपात जुन्या लाकडी चर्चच्या खोदकामावर पहिल्यांदा गेले तेव्हा आठवडाभर मी लाकूडच शोधत होते. हजार वर्षांपूर्वीचं लाकूड सहसा उरत नाही, उरतो तो मातीचा रंग. जमिनीत पुरलेला खांब कुजतो, त्या जागी काळपट, भुसभुशीत माती भरते. तेवढा गोल डाग, बस.

तो दिसायचा असेल तर ट्रॉवेलची, म्हणजे हातातल्या छोट्या थापीची, धार जवळजवळ आडवी धरा आणि स्वतःकडे ओढत, मागे सरकत खरवडा, म्हणजे साफ केलेल्या जागेवर पाय पडत नाही. सुकलेल्या मातीत डाग पुसट होतात, म्हणून पाण्याचा हलका फवारा मारा. भर उन्हात डोळे फोडण्यापेक्षा ढगाळ हवेची वाट पाहिलेली बरी.

डाग सापडला की सगळा उपसू नका. मी उत्साहात उपसला होता आणि हाती फक्त एक खड्डा राहिला. आधी अर्धाच कापा. उभ्या कापात बाहेरचा रुंद खड्डा, त्यात ठासलेले दगड आणि मधोमध काळी उभी पट्टी दिसली, तर खांब होता. पट्टीच नाही आणि तळ वेडावाकडा असेल, तर बहुधा सशाचं बीळ किंवा मूळ. चित्र काढा, फोटो घ्या, मगच उरलेला अर्धा उपसा.

आता खांबांचे हे खळगे कागदावर मांडा. पूर्व-पश्चिम लांबट दालन, पूर्वेला त्याहून अरुंद वेदीची खोली आणि भोवती त्याच दिशेच्या कबरी, हे तिन्ही जुळलं तरच चर्च म्हणा. नुसती दिशा पुरेशी नाही. डेन्मार्कमध्ये येलिंगच्या दगडी चर्चखाली सापडलेली सर्वात जुनी लाकडी इमारत बरीच वर्षं चर्च मानली गेली; आता काही संशोधकांना ती मेजवानीचं दालन वाटते.

खळगे नाहीत म्हणून चर्चच नव्हतं, असंही नाही. पुरलेला खांब बुडाशी कुजतो हे सुतारांना कळलं होतं, म्हणून पुढे दगडांवर आडवी तुळई ठेवून त्यावर भिंती उभ्या केल्या. नॉर्वेतलं सुमारे ११३० सालचं उर्नेसचं चर्च तसंच उभं आहे. अशा ठिकाणी दगडांच्या ओळी शोधा.

तारखेच्या बाबतीत घाई नको. इंग्लंडमधलं ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च पूर्वी ८४५ सालचं मानत. त्याच्या ओकच्या लाकडातली वाढीची वलयं मोजल्यावर ते अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपास आलं, म्हणजे दोन शतकं अलीकडे! तोडणीचं नेमकं वर्ष सालीलगतच्या शेवटच्या वलयातून कळतं, म्हणून चिखलात लाकूड मिळालंच तर कडा घासू नका. ओलंच प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सावलीत ठेवा आणि कुठल्या खळग्यातलं ते चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. शाई पसरते.