काही सुचत नसेल, तर गोदाघाटावरची एक पायरी धरा

आमच्या हॉलमधली एक भिंत दोन वर्षं कोरी होती. मोबाइलमध्ये शेकडो फोटो साठवले होते, कुणाकडची निळी भिंत, कुणाकडची विटांची. जितकं बघावं तितका गोंधळ वाढत गेला. उत्तर सापडलं ते नाशिकच्या गोदाघाटावरच्या एका ओल्या पायरीत. तेव्हापासून चित्र काढायचं असो, फोटो असो की घरातला कोपरा सजवायचा असो, मी एकच पद्धत धरून आहे. ती क्रमाने सांगते.

आधी जागा ठरवा, आणि ती लहान ठेवा

‘गोदाघाट’ ही जागा फार मोठी झाली. ‘रामकुंडाजवळच्या या दोन पायऱ्या’ ही जागा. महिनाभरात चार-पाचदा जायचंय, म्हणून घरापासून जवळची निवडा. गंगापूर रोडला राहत असाल तर सोमेश्वरचे खडक, पाथर्डी फाट्याकडे असाल तर पांडवलेणी. जुन्या नाशकात राहणाऱ्यांना तर आपल्याच गल्लीतल्या वाड्याचा ओटा पुरतो. सरकारवाड्याचे लाकडी खांब बघायला म्हणून वेगळा वेळ काढलेले लोक मला फार थोडे भेटलेत, याचं वाईट वाटतं.

पहिल्या भेटीत फोन खिशात

वीस मिनिटं बसा आणि वहीत फक्त दिसेल ते लिहा. ‘सुंदर’, ‘शांत’, ‘प्रसन्न’ असले शब्द लिहायचे नाहीत, कारण घरी आल्यावर त्यांचा काही उपयोग होत नाही. माझ्या वहीतलं पान असं आहे : दगड कोरडा तिथे राखाडी, ओला तिथे जवळजवळ काळा, किंचित निळसर. पायरीचा मधला भाग पावलांनी झिजून खोलगट झालाय. त्यात ओंजळभर पाणी. पाण्यात झेंडूची एक पाकळी. कुणीतरी वाहिलेलं कुंकू विरघळून त्याची बारीक गुलाबी रेघ उतारावरून खाली गेली आहे. कडेला शेवाळ, तेही सगळीकडे नाही, फक्त सांधीत.

एवढंच. पण हॉलची भिंत या पानातूनच निघाली.

दुसऱ्या भेटीत फोटो, तेही उजेड बघून

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे सकाळचं ऊन पंचवटीच्या मागून येतं. सकाळी पंचवटीच्या काठावरच्या देवळांच्या नुसत्या गडद आकृत्या दिसतात. तीच देवळं संध्याकाळी समोरून उजळतात. नारोशंकराच्या देवळाचं कोरीव काम टिपायचं असेल तर संध्याकाळ, आणि धुक्यातला कळसाचा आकार हवा असेल तर थंडीतली सकाळ.

फोनच्या कॅमेऱ्याची काच आधी मऊ कापडाने पुसा. झूम करू नका, चार पावलं पुढे जा. स्क्रीनवर ज्या जागेचा उजेड नेमका हवा तिथे बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच कायम राहतो. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा, दगडाचा पोत लगेच उठून दिसतो. तिरपं ऊन असताना हे करा. भर दुपारी दगड सपाट दिसतो. एका भेटीत दहाच फोटो काढायचे, एवढं बंधन स्वतःवर घाला. स्नान-पूजा करणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

मग एक सांधा काढा

चित्रकला येत नाही म्हणून ही पायरी गाळू नका. अख्खं देऊळ काढायचंच नाहीये. दोन वस्तू जिथे भेटतात ती जागा काढायची : खांब आणि तुळई, दगड आणि पाणी. पांडवलेण्यांतल्या 24 लेण्यांपैकी 3 क्रमांकाच्या लेण्यासमोर उभे राहा. दगडात कोरलेलं असूनही तिथलं बांधकाम लाकडाचं असल्यासारखं दिसतं. कठड्याच्या आडव्या पट्ट्या आहेत, आणि जणू सगळा भार खांद्यावर पेलणाऱ्या मानवाकृती आहेत. मी त्या कठड्याच्या पट्ट्या वहीत चार वेळा काढल्या, तेव्हा दोन पट्ट्यांमधलं अंतर माझ्या लक्षात आलं. तेच अंतर पुढे पुस्तकांच्या फळ्यांना दिलं. नुसत्या फोटोतून ते माझ्या कधीच लक्षात आलं नसतं.

रंग उचलताना प्रमाणही उचला

इथेच बहुतेकांचं चुकतं. राखाडी, शेंदरी, गुलाबी हे तीन रंग आवडले म्हणून तीन भिंतींना दिले, की घर विस्कळीत वाटू लागतं. त्या पायरीवर दगड हातभर होता आणि पाकळी बोटाच्या पेराएवढी. म्हणून आम्ही एक भिंत ओल्या पाषाणाची केली, तिच्यावर एकच बारीक कुंकवाच्या रंगाची फळी लावली, आणि झेंडूचा रंग फक्त एका उशीच्या अभ्र्याला दिला.

शेड कार्डवरून रंग पक्का करू नका. छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगाचे दोन हात देऊन रंगवा आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना फिकट भासतं, वाळल्यावर बहुतेकदा गडद होतं. मग सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. भिंत खराब करायची नसेल तर जाड कार्डशीट रंगवा आणि ती दोन दिवस खोलीभर फिरवा.

दोन रंगांची जोडी जमत नसेल तर येवल्याला जाऊन पैठणीचा माग बघून या. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. त्यामुळे कापड हललं की रंग बदलतो. विणकर त्याला धूपछाँव म्हणतात. हे घरातही जमतं : जाड पडद्यापुढे वेगळ्या रंगाचा पातळ पडदा लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

पक्ष्यांचे रंग हवे असतील तर हिवाळ्यात पहाटे निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर गाठा. जांभळ्या पाणकोंबडीची निळी-जांभळी पिसं आणि लाल चोच यांचं प्रमाण तेवढं वहीत लिहून आणा.

रोज एक चौकट

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं. सलग पडद्यावर दाखवल्यावर बी भराभर वाढून वेल होताना दिसलं. ही युक्ती घरी करून बघा. कुंडीत चार वाल पेरा, फोन ठेवायची जागा खडूने आखून घ्या, रोज एकाच वेळी एक फोटो काढा. पंधरा दिवसांत कोंबाचा वाक, पान उलगडायची दिशा असे आकार हाती येतात. रांगोळीला, भरतकामाला, जाळीच्या नक्षीला ते थेट वापरता येतात. मध्ये एखादा दिवस चुकला तर पुढे चालू ठेवा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका.

आणि आपल्या जागेवर पावसाळ्यातही जा. गोदेला पूर आला की तुमची पायरी पाण्याखाली असेल. लांबून, सुरक्षित जागी उभं राहून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलंय की कमरेला, ते बघा. वहीत तारीख टाका आणि शेजारी पाण्याचा रंग लिहा. माझ्या वहीत गेल्या वर्षीच्या पानावर लिहिलंय : दुधाचा चहा, जास्त उकळलेला.