शोसाठी कोंबडी धुताय? आतली लव सुकली का ते आधी बघा

थंडी पडायला लागली की शोचा, म्हणजे कोंबड्यांच्या देखणेपणाच्या स्पर्धांचा, हंगाम येतो. तोवर पीसगळ आटोपलेली असते, नवी पिसं भरून आलेली असतात, पक्षी अगदी देखणा दिसतो. पण मंडळी, नेमकी हीच थंडी धुतलेल्या कोंबडीच्या जिवावर उठते आणि मी दर हंगामात तेच बघतोय. शोच्या आदल्या रात्री पक्षी धुवायचा, टॉवेल फिरवायचा, वरची पिसं हाताला कोरडी लागली की खुराड्यात सोडायचा. सकाळी बघावं तर पक्षी मान आत ओढून, पिसं फुगवून कोपऱ्यात उभा. त्याला तसाच पिंजऱ्यात घालून गाडीत टाकतात, आणि पुढच्या आठवड्यात मेला की म्हणतात शोमधून रोग लागला. शोमधून रोग येतो हे खरंच आहे, पण असे बरेच पक्षी घरूनच अर्धे गारठून निघालेले असतात.

का ते समजून घ्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ती ऊब टिकते कातडीलगतच्या मऊ लवेत अडकलेल्या हवेमुळे. लव भिजली की हवा गेली, मग अंगातली ऊब ते पाणी वाळवण्यातच खर्च होत राहते. एरवी पावसात पक्षी थोडा भिजला तर पाणी वरच्या वर ओघळतं, पण आपण साबण लावून पिसांवरचं तेलच धुऊन टाकलेलं असतं, म्हणून पाणी थेट आत मुरतं. वरचं पीस लवकर सुकतं आणि आपल्याला फसवतं, आतली लव मात्र तासन् तास ओली राहते. सगळ्यात जास्त पोटाखाली, पंखाच्या काखेत आणि मागच्या बाजूच्या झुपक्यात. कोचीन, ऑर्पिंग्टन असले भरगच्च पिसांचे पक्षी असतील तर विचारूच नका, आणि सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे बारीक आकडे नसतात त्यामुळे ती कातडीपर्यंत चिंब होते. त्यात अंगात श्वसनाचा जुना आजार दबलेला असेल तर गारठा आणि प्रवासाचा ताण मिळून तो वर येतो, मग शिंका, घरघर, डोळ्यात फेस.

म्हणून पहिली गोष्ट, आदल्या रात्री धुवायचं नाही म्हणजे नाही. शोच्या ३-४ दिवस आधी, सकाळी लवकर सुरू करा म्हणजे सुकवायला अख्खा दिवस हातात राहतो. याचा अजून एक फायदा, शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, पक्षी चोचीने ते तेल परत पिसांना लावतो आणि २-३ दिवसात आपोआप चमक येते. ही चमक कुठल्याच बाटलीत मिळत नाही. आणि हवामान बघा. गार वारं सुटलंय, आभाळ आलंय, घरात उबदार बंद खोली नाही, तर सरळ धुणं रद्द करा. ओल्या फडक्याने पाय, तुरा, शेपटीचं टोक पुसा आणि तसाच न्या. थोडा मळ राहिला तर मार्क कमी पडतील, पक्षी तर हातात राहील. असील जातीसारख्या घट्ट, आखूड पिसांच्या पक्ष्याला तर पूर्ण आंघोळीची गरजच नसते, पुसून काम भागतं. मरगळलेला, शिंकणारा किंवा अजून पिसं गाळत असलेला पक्षी धुवायचाही नाही आणि शोला न्यायचाही नाही.

धुण्याच्या २-३ आठवडे आधीची कामं:
– मागच्या बाजूची पिसं बाजूला करून उवा, माइट्स (अंगावरचे अगदी बारीक किडे) आणि पिसाच्या मुळाशी चिकटलेल्या लिखा बघणे.
– दिसल्या तर ०.२५ टक्के परमेथ्रिन (कीटकनाशक) पावडर, लेबलवर कोंबड्यांसाठी असं लिहिलेलं असेल तरच. लिखा पावडरने मरत नाहीत म्हणून १० दिवसांनी परत.
– पायाचे खवले वर उचललेले असतील तर ती खवल्यातली माइट. पाय कोमट साबणपाण्यात भिजवून व्हॅसलीन चोळणे, बरेच दिवस.
– नखं आणि चोचीचं वाढलेलं टोक थोडं थोडं कापणे. रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरणे.
– शोच्या पिंजऱ्याएवढ्या पिंजऱ्यात सवय लावणे.
– लसीकरण, विशेषतः राणीखेत रोगाचं, डॉक्टरांना विचारून वेळेत.
– पांढरा पक्षी कडक उन्हापासून लांब, नाहीतर पिसं पिवळट पडतात.

तुटलेलं पीस कापू नका, कापलेलं पीस पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. मुळातून काढलेलं साधारण ६ ते ८ आठवड्यात परत येतं, म्हणजे आता शो तोंडावर असेल तर ती वेळ गेली, तसंच राहू द्या. रंग लावणं वगैरे तर करूच नका, शोमधून बाद होतो पक्षी.

आता आंघोळ. ३ टब घ्या, तिन्हीत कोमट पाणी, ३५ ते ३८ अंश, कोपर बुडवलं तर सुखद लागेल इतपत. पहिल्यात बेबी शाम्पू. दुसऱ्यात १५ लिटरला कपभर पांढरं व्हिनेगर, त्याने साबण सुटतो. तिसऱ्यात साधं पाणी, त्यात हवं तर चमचाभर ग्लिसरीन. पांढऱ्या पक्ष्याला नीळ लावतात लोक, पण २-३ थेंबाच्या पुढे गेलात तर पक्षी निळा होतो आणि ते निघत नाही, माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने निळीला हातच लावू नये. पिसाच्या दिशेनेच हात फिरवायचा, उलटं चोळलं की पीस मोडतं. पाय जुन्या टूथब्रशने. आणि एक लक्षात ठेवा, कोमट पाण्यात कोंबडी अगदी गुंगल्यासारखी होते, मान टाकते, डोळे मिटते, तेवढ्यात फोन घ्यायला वळलात तर नाकातोंडात पाणी जाऊन मरू शकते. हनुवटीखाली एक हात कायम हवा. साबण अंगात राहिला तर पिसं चिकटून झुपके होतात आणि मग सुकणं अजूनच लांबतं, म्हणून खळबळून काढा.

परत सुकवण्यावर येतो कारण मरतात ते इथेच. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही, टॉवेल ओला झाला की दुसरा. मग हेअर ड्रायर मंद गरम हवेवर, एक फूट लांब धरून, सतत हलवत. आधी पोट, काखा आणि मागचा भाग, पाठ शेवटी. सगळे जण उलटं करतात, पाठ छान फुलवतात आणि पोट ओलं सोडतात. हवा फार गरम ठेवली तर पिसं वाकडी होतात आणि पक्षीही तापतो, तोंड उघडून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून लांब धरले की ताबडतोब थांबा.

सुकलं का हे कसं कळणार? वरून हात फिरवून कळत नाही. पोटाखालची पिसं फुंकर मारून उघडायची, लव एकेक सुटी, कापसासारखी दिसली पाहिजे, चिकटलेल्या बारीक वाती दिसल्या तर अजून ओली आहे. दुसरं म्हणजे मी हाताची मागची बाजू काखेत आणि पोटाला लावतो, ओलं असेल तिथे गार लागतं, सुकलेलं असेल तिथे चांगलं उबदार लागतं. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, पण मला यानेच बरोबर कळतं. शंका आली की अजून अर्धा तास ड्रायर. नंतरही ती रात्र पक्षी बिनवाऱ्याच्या उबदार खोलीत, कोरड्या भुश्शावर, आणि झोपायच्या आधी परत एकदा काख तपासायची.

दुकानदार या दिवसात शो शाम्पू, चमकेचे स्प्रे, पिसांचं टॉनिक असं काय काय गळ्यात मारतात. त्यातलं काही लागत नाही. चमक येते ती चांगल्या खाद्याने, उवा नसल्याने आणि पक्ष्याच्या स्वतःच्या तेलाने, वर स्प्रे मारून पीस चिकट होतं आणि धूळ पकडतं. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगला ड्रायर आणि जास्तीचे टॉवेल घ्या.

शोच्या सकाळी तुऱ्याला आणि पायांना व्हॅसलीनचा अगदी पातळ हात, पिसांना लागू न देता. परत आल्यावर पक्षी ३-४ आठवडे बाकी कळपापासून वेगळा, त्याचं पाणी, खाद्य, त्याच्याकडे जाताना घालायच्या आपल्या चपला सगळं वेगळं, आणि रोजचं काम आधी घरच्या कळपाचं, मग त्याचं. पहिले ८ दिवस रोज सकाळी श्वास ऐका, विष्ठा बघा. घरघर किंवा हिरवट पातळ शी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.