पेसाहच्या रात्री सेदरचे भोजन कसे करावे

मिसर देशातील गुलामगिरीतून इस्राएली लोक मुक्त झाले, त्याच्या स्मरणार्थ असलेल्या पेसाह सणात, यहुदी पंचांगातील निसान महिन्याची १५ तारीख लागते त्या रात्री यहुदी कुटुंबे सेदर हे विधिपूर्वक भोजन करतात. मुलांनी प्रश्न विचारावेत आणि मोठ्यांनी उत्तरादाखल मुक्तीची कथा सांगावी, हा त्याचा मुख्य हेतू आहे. त्यामुळे स्वयंपाकाइतकीच काळजी मुलांना जागे ठेवण्याचीही घ्यावी. मुलांनी झोपू नये म्हणून प्राचीन धर्मगुरू रब्बी अकिवा त्यांना भाजलेले धान्य आणि अक्रोड वाटत, असे तालमूद या यहुदी धर्मग्रंथात नोंदवले आहे.

प्रथम घरातून हामेत्स, म्हणजे गव्हासारख्या पाच धान्यांचे आंबवलेले पदार्थ, काढून टाकावेत आणि आदल्या रात्री दिव्याच्या उजेडात कानाकोपरे तपासावेत. सणात खायची बेखमीर भाकर, म्हणजे मत्सा, पिठात पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून निघावी लागते. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय वंशाचे, यहुदी परंपरेने या दिवसांत भातही टाळतात. बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातील यहुदी, मात्र तो खातात.

सेदरच्या ताटात भाजलेले हाड, भाजलेले अंडे, कडू पाला किंवा मुळी, पार्सलीसारखी हिरवी भाजी आणि हारोसेत हे गोड मिश्रण ठेवावे. हाड यरुशलेमेतील मंदिरात होणाऱ्या पेसाहच्या यज्ञाचे, तर कडू पाला दास्याच्या यातनांचे स्मरण देतो. हारोसेत विटांच्या चिखलासारखे दिसावे असे असते. बगदादी यहुदी त्यासाठी खजुराच्या दाट पाकात अक्रोड घालतात. ताटाशेजारी मिठाचे पाणी आणि एकावर एक ठेवलेल्या तीन मत्सा असाव्यात.

द्राक्षारसाचा पहिला प्याला आशीर्वादाची प्रार्थना म्हटल्यावर प्यावा. द्राक्षारसाऐवजी बेने इस्राएल घरांत काळ्या मनुकांचे सरबत चालते. मग हात धुऊन हिरवी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून खावी, मधली मत्सा मोडावी आणि तिचा मोठा तुकडा, म्हणजे अफिकोमेन, लपवून ठेवावा.

दुसरा प्याला भरला की घरातील सर्वांत लहान मुलाने ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ असे विचारावे. येथे घाई करू नये. हग्गादा, म्हणजे सेदरच्या रात्री वाचायचा मुक्तीच्या कथेचा ग्रंथ, आळीपाळीने वाचावा आणि मूल जिथे अडेल तिथे थांबून त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. ही गरज महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाने फार पूर्वी ओळखली होती: १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादात हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे, आणि त्यातील चित्रात साडी नेसलेल्या स्त्रिया मत्सा तयार करताना दिसतात. मिसरवरील दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावागणिक प्याल्यातून एक थेंब काढावा, कारण शत्रूच्या दुःखानेही आपला आनंद उणा होतो, असा त्याचा प्रचलित अर्थ आहे.

कथा संपल्यावर दुसरा प्याला प्यावा आणि पुन्हा हात धुऊन मत्सा, हारोसेतमध्ये बुडवलेला कडू पाला आणि शेवटी दोन्ही एकत्र, असे क्रमाने खावे. त्यानंतरच मुख्य जेवण वाढावे. मुलांनी शोधलेला अफिकोमेन मध्यरात्रीपूर्वी सर्वांनी वाटून घ्यावा. त्यानंतर काही खायचे नसते, म्हणून जेवण बेताने वाढलेले बरे. तिसरा प्याला भोजनोत्तर प्रार्थनेचा असतो. त्यानंतर एलिया संदेष्ट्यासाठी दार उघडावे, स्तोत्रे गावीत आणि चौथा प्याला पिऊन ‘पुढच्या वर्षी यरुशलेमेत’ असे सर्वांनी मिळून म्हणावे.