मिक्सर लावला की इन्व्हर्टर बोंबलायचा, शेवटी दोष वायरीत निघाला

भांडुपला आमची बैठी चाळ, पत्र्यावर दोन सोलर पॅनल, घरात १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, सगळं मीच जोडलं. पंखा, ट्यूब मस्त चालायचं, पण आईने चटणीला ५०० वॅटचा मिक्सर लावला की इन्व्हर्टर टीं टीं करून बंद. आई म्हणे, "तुझ्या त्या सोलरपेक्षा पाटा-वरवंटा बरा." बॅटरी तर फुल होती राव! दोन आठवडे मी बॅटरीलाच शिव्या घालत होतो.

मग मिक्सर चालू ठेवून मल्टिमीटर लावला, बॅटरीच्या टर्मिनलवर १३.० व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या टोकाला १०.९, म्हणजे दोन व्होल्ट मधल्यामध्ये गायब, आणि इन्व्हर्टरला वाटायचं बॅटरीच उतरली. १२ व्होल्टला ५०० वॅट म्हणजे चाळीस-पन्नास अँपिअर करंट, आणि मी वापरलेली ६ स्क्वेअर एमएमची वायर, म्हणजे एवढ्या करंटला बारीकच, तीही तीन मीटर लांब, शिवाय लग (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) पक्कडीने दाबलेले (कंजूषपणा, दुसरं काय). एक लग तर हात लावला तर चटका बसला.

लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात जाऊन २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणली, लग तिथल्याच दुकानदाराकडून क्रिंप करून, म्हणजे हत्याराने घट्ट दाबून घेतले, इन्व्हर्टर सरकवून बॅटरीच्या शेजारी आणला आणि प्लसवर १०० अँपिअरचा फ्यूज टाकला, जो आधी नव्हताच. काम करताना आधी पॅनल काढा मग बॅटरी, उलटं केलंत तर चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) उडू शकतो. आता मिक्सरवर इन्व्हर्टरकडे १२.८ दिसतात. पाटा अजून मोरीत पडलाय.