टीव्हीच्या केबलवरून घरात इंटरनेट: जोडणी अडली की कुठे पाहावे

कोल्हापुरातील शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतील जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि नव्या बंगल्यांतील दोन मजल्यांमधला काँक्रीटचा स्लॅब वायफायला फारशी वाट देत नाहीत. अशा घरांत भिंतीतून आधीच गेलेली टीव्हीची कोअ‍ॅक्सियल केबल वापरून इंटरनेट वरच्या खोलीत नेता येते. त्यासाठी ‘मोका’ (MoCA) या तंत्राचे दोन अ‍ॅडॉप्टर लागतात, एक राउटरजवळ आणि दुसरा त्या लांबच्या खोलीत. दोन्ही अ‍ॅडॉप्टर बसवूनही त्यांच्यावरील कोअ‍ॅक्सचा दिवा, म्हणजे दोघांची जोडणी झाल्याची खूण, लागत नसेल, किंवा दिवा लागूनही वेग रांगत असेल, तर काय करावे हे येथे सांगितले आहे.

सर्वांत आधी त्या केबलवर दुसरे काय चालू आहे हे पाहावे. मोकाचे सध्याचे अ‍ॅडॉप्टर 1125 ते 1675 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतात. केबल टीव्हीचे सिग्नल 862 मेगाहर्ट्झच्या आत असल्यामुळे दोन्ही एका तारेवर नांदतात. गच्चीवरील डिशची वायर मात्र 950 ते 2150 मेगाहर्ट्झचा सिग्नल खाली आणते आणि त्याच वायरमधून सेट टॉप बॉक्स वर 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो. त्यामुळे चालू डिशच्या वायरीवर मोका अजिबात लावू नये. ‘मध्ये एक स्प्लिटर टाका, दोन्ही चालेल’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये (स्प्लिटर म्हणजे एका केबलचे अनेक फाटे करणारी डबी). डिशची सेवा बंद झालेली असेल, तर तीच वायर दोन्ही टोकांना मोकळी करून खुशाल वापरावी.

त्यानंतर दोन्ही अ‍ॅडॉप्टर एकाच टेबलावर ठेवून हातभर लांबीच्या चांगल्या केबलने थेट जोडावेत. दिवा लागला तर अ‍ॅडॉप्टर ठीक आहेत आणि दोष भिंतीतच आहे. ही पाच मिनिटांची तपासणी न करता नवे अ‍ॅडॉप्टर मागवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. बहुतेक घरांत अ‍ॅडॉप्टर निर्दोष असतात आणि दोष जोडांमध्ये असतो.

खरे काम इथून सुरू होते. भिंतीतील केबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरळ जाते असे आपण धरून चालतो, पण आपल्याकडच्या घरांत तसे क्वचित असते. कधीकाळी केबलवाल्याने दुसऱ्या टीव्हीसाठी माळ्यावर, जिन्याखाली किंवा फॉल्स सीलिंगच्या वर एक स्प्लिटर टाकलेला असतो आणि त्याची आठवण कोणालाच नसते. या टप्प्यावर मी स्वतः बराच काळ अडखळलो आहे, म्हणून येथे घाई करू नये असे आग्रहाने सांगतो.

ज्या ठिकाणी घरातील सगळ्या केबली एकत्र येतात, तिथला दिसणारा स्प्लिटर आधी पूर्ण काढून टाकावा आणि आपल्याला हव्या असलेल्या दोनच केबली सरळ जॉइनरने जोडाव्यात. अ‍ॅडॉप्टर लगेच बोलू लागले, तर दोष त्या स्प्लिटरचा. केबल टीव्हीच्या साध्या स्प्लिटरवर ‘5-1000’ असे छापलेले असते. 1000 मेगाहर्ट्झच्या वर तो कसा वागेल याची काहीच हमी नसते आणि मोकाचा सगळा पट्टा त्या वरच असतो. त्याच्या जागी ‘5-1675’ छापलेला, मोकासाठीच बनवलेला स्प्लिटर लावावा. ‘जितका आकडा मोठा तितका चांगला’ असे म्हणून दुकानात 2400 चा डिशचा स्प्लिटर पुढे करतात, पण तो घेऊ नये. त्याची रचना डिशच्या गरजेची असते, तर मोकाला एका आउटपुटमधून दुसऱ्या आउटपुटमध्येही जावे लागते. तसेच दोन फाटे पुरत असतील तर आठ फाट्यांचा स्प्लिटर लावू नये. दोन फाट्यांत प्रत्येक बाजूला सुमारे 3.5 डेसिबल सिग्नल कमी होतो, आठ फाट्यांत 11 च्या आसपास. सिग्नल वाढवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बसवण्याचा सल्लाही धुडकावून लावावा, कारण साधा अ‍ॅम्प्लिफायर एकाच दिशेने चालतो आणि मोकाचा रस्ता उलट बंद करतो.

सरळ जोडूनही दिवा लागला नाही, तर मध्ये कुठेतरी न दिसणारा जोड आहे असे समजावे. तो ओळखण्याची सोपी खूण केबलच्या अंगावरच असते. दोन्ही टोकांना वरच्या आवरणावरील छपाई वाचावी. एका टोकाला ‘आरजी 6’ आणि दुसऱ्या टोकाला ‘आरजी 59’, किंवा एका टोकाला काळे आवरण आणि दुसऱ्याला पांढरे, असे निघाले तर ती एक केबल नाहीच. छपाई सारखी असेल तर मल्टीमीटर घ्यावा. दोन्ही टोके सर्व उपकरणांपासून सोडवावीत, लांबचे टोक मोकळे ठेवावे आणि जवळच्या टोकाला मधली तार व बाहेरची जाळी यांच्यामधील रोध मोजावा. मीटरने वाहकता दाखवू नये. मग लांबच्या टोकाला तार आणि जाळी एकमेकींना टेकवून पुन्हा मोजावे. आता काही ओहमच दिसले पाहिजेत. पहिल्या मोजणीत मीटर वाजला, तर जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला आहे किंवा वाटेत स्प्लिटर आहे, कारण अनेक साध्या स्प्लिटरमधली गुंडाळी मीटरला शॉर्टसारखीच दिसते. दुसऱ्या मोजणीत काहीच आले नाही, तर तार तुटली आहे किंवा वाटेतला एखादा भाग वीज पुढे जाऊ देत नाही. डिशसाठी बनवलेला, वीज पुढे सोडणारा स्प्लिटर मात्र या चाचणीला चकवतो. म्हणून मीटरचे उत्तर चांगले आले तरी छपाई पाहणे सोडू नये.

गच्चीवरील किंवा खांबावरील केबलवाल्याच्या चालू पेटीत मीटर घालू नये. त्या लाइनमधून अ‍ॅम्प्लिफायरसाठी वीज नेलेली असू शकते.

जोड सापडला की तो उघडून पाहावा. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली आढळली, तर ती जागा कापून दोन्ही बाजूंना नवे कनेक्टर बसवावेत. कोल्हापूरचा पाऊस गच्चीच्या कठड्यावरील जोडात शिरतो आणि जाळीतून आत झिरपत जातो. आवरण सोलल्यावर तांबे काळे किंवा हिरवट दिसले, तर चकचकीत धातू लागेपर्यंत कापत जावे. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्या घरांच्या तळमजल्यात पंचगंगेचे पाणी आले, तिथे पुराच्या पातळीखालचा प्रत्येक जोड बदलावा.

कनेक्टर हाताने पिळून बसवण्याचा घेऊ नये; दाबून बसणारा, म्हणजे कॉम्प्रेशनचा घ्यावा आणि त्याचे हत्यार विकत किंवा उसने आणावे. जाळी मागे नीट दुमडावी, आतील पांढरा फोम कनेक्टरच्या तळाशी समतल यावा आणि मधली तार कडेच्या बाहेर साधारण 3 मिलिमीटर राहावी. स्विचबोर्डवरील टीव्हीचे सॉकेटही संशयितच धरावे. ते काढून केबल जॉइनरने थेट अ‍ॅडॉप्टरकडे न्यावी.

उरलेले सोपे आहे. स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडांवर 75 ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे तोंड बंद करणाऱ्या टोप्या, बसवाव्यात. घरात केबल टीव्ही चालू असेल, तर बाहेरून येणाऱ्या केबलवर, पहिल्या स्प्लिटरच्या आधी, मोकाचा फिल्टर लावावा, म्हणजे आपला सिग्नल शेजाऱ्यांच्या लाइनवर जाणार नाही. केबल टीव्ही बंद केलेला असेल, तर बाहेरची केबल सरळ सोडवून टाकावी. त्यानंतर फिल्टरची गरज राहत नाही. दोन्ही अ‍ॅडॉप्टरवर एकच मोका पासवर्ड ठेवावा.

शेवटी अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगच्या पानावर दोन्ही दिशांचा फाय रेट, म्हणजे कोअ‍ॅक्सवर दोन अ‍ॅडॉप्टरमधील जोडणीचा वेग, पाहावा. मोका 2.5 या आवृत्तीत निर्दोष केबलवर तो 3500 एमबीपीएसच्या आसपास असतो. एक दिशा चांगली आणि दुसरी खूप कमी असेल, तर पुन्हा जोडांकडे वळावे. हा आकडा उत्तम असूनही लॅपटॉपवर वेग 94 एमबीपीएसच्या पुढे जात नसेल, तर कोअ‍ॅक्सला हात लावू नये: अ‍ॅडॉप्टर आणि लॅपटॉप किंवा राउटर यांच्यामधील लॅन केबलमधील तारांची एखादी जोडी तुटली आहे किंवा कुठलातरी पोर्ट 100 एमबीपीएसचाच आहे. लॅन केबल बदलून तीच मोजणी तारेनेच पुन्हा घ्यावी, वायफायवर नव्हे.